फोटोच्या कोपऱ्यातली फटाकडी

आमच्या सिंगापूरमधल्या बुकित पंजांगच्या घरात सोफ्यासमोरच्या भिंतीवर एक मोठा फोटो आहे. घरी येणारा प्रत्येक जण चहा येईपर्यंत त्याच्याकडे बघत बसतो, कारण दुसरीकडे बघावं असं त्या खोलीत काही नाही. लांब लाल पाय, करडं अंग, चोचीच्या मुळाशी उभारलेला पिसांचा झुबका आणि चोचीत लोंबणारा सरडा. मागे सोनेरी गवत. लोक विचारतात, "लांडोर का हो?" मी सांगतो, सीरिमा. ब्राझीलचा. मग ते "बापरे, ब्राझील!" म्हणतात आणि मी नम्रपणे मान खाली घालतो. ही नम्रता मी आठ वर्षं करत आलो आहे आणि आता ती मला चांगली जमते.

फोटो पुरा नाही. त्याचा डावीकडचा खालचा भाग मी कापला आहे. तो का कापला, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात दर वर्षी माझा एक लेख असतो, आणि संपादकबाई तो न वाचताच छापतात असा माझा समज आहे. या वेळी त्यांनी वाचावा. यात कोणाचंही नाव नाही. ही अट माझी नाही. कोणाची, ते पुढे येईलच.

माझा एक मित्र आहे. मी त्याला डॉक्टर म्हणतो, तो मला साहेब म्हणतो, आणि दोघांच्याही बोलण्यात आदर फारसा नसतो. आम्ही दोघं साधारण एकाच सुमारास सिंगापूरला आलो. मी पुण्याहून, एका सॉफ्टवेअर कंपनीत. तो मुंबईहून, नोव्हेनातल्या एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. तो क्वीन्सटाउनच्या एका जुन्या इमारतीत एकटा राहतो. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायचा, "स्लाइड बघताना मध्ये कोणी बोललेलं मला चालत नाही."

त्याचं काम मी अनेकदा ऐकून घेतलं होतं. रुग्णाच्या शरीरातून काढलेला एवढासा तुकडा, त्याचा पातळ काप काचेवर, काच सूक्ष्मदर्शकाखाली. बघायचं आणि सांगायचं, कॅन्सर आहे की नाही. खाली सही करायची. त्या सहीवर कोणाचं तरी पोट उघडायचं की नाही ते ठरतं. तीस वर्षं तो हे करत होता आणि त्याच्या डोळ्यांवर हॉस्पिटलचा विश्वास होता. त्याचा स्वतःचाही होता.

माझं काम दुसऱ्यांच्या चुका शोधायचं. सॉफ्टवेअर बाहेर जाण्याआधी ते तपासणाऱ्या विभागाचा मी प्रमुख होतो. इतकी वर्षं पगार घेऊन दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, की चुका ही दुसऱ्यांनीच करायची गोष्ट आहे असं माणसाला वाटू लागतं.

पन्नाशीत आम्हाला पक्ष्यांचं वेड लागलं. सिंगापूरमध्ये त्या वयाच्या पुरुषांना काहीतरी लागतंच. कोणी गोल्फकडे जातो, कोणाला देव आठवतो, उरलेले लांब लेन्स घेऊन झाडाखाली उभे राहतात. आमच्यासारखे दहा-बारा मराठी लोक निघाले, बहुतेक आयटीतले, एक-दोन विद्यापीठात संशोधन करणारे तरुण. गट झाला. गट झाला की यादी आली, यादी आली की भांडणं आली. कोणी म्हणे मी अमुक गरुड पाहिला, दुसरा म्हणे घार असेल. मग मी, सवयीप्रमाणे, नियम लिहिले. पक्षी यादीत धरायचा तर तो गटातल्या दोघांनी पाहिलेला असावा. नाहीतर त्याचा फोटो असावा आणि तो महिन्याभरात गटाला दाखवलेला असावा. चार डोळे किंवा एक लेन्स. सगळ्यांनी वाहवा केली. डॉक्टर तेवढा म्हणाला, "म्हणजे मी एकटा असताना आंधळा, असंच ना साहेब?"

"तसं नाही रे. प्रोसेस आहे."

"माझ्या रिपोर्टावर एकच सही असते."

"म्हणून तर मी आजारी पडत नाही," मी म्हणालो आणि सगळे हसले.

ब्राझीलला आम्ही तिघं गेलो. डॉक्टर, मी आणि माझी बायको. बायकोला पक्ष्यांत काडीचा रस नाही. ती पुस्तक घेऊन जीपमध्ये बसायची आणि दुपारी आम्हाला विचारायची, "झालं का तुमचं? दिसले का सगळे?" जणू पक्ष्यांनी हजेरीला यायचं होतं.

पहिले दहा दिवस किनाऱ्याजवळच्या डोंगरातल्या जंगलात काढले. तिथलं जंगल आपल्या डोळ्यांना लवकर सापडत नाही. सगळं हिरवं, सगळं हलणारं, आणि आवाज येतो तिथे पक्षी नसतो. पण जंगलातल्या लॉजवाल्यांनी आमच्यासारख्यांची सोय केलेली असते. गुंजन पक्ष्यांना साखरेचं पाणी टांगलेलं. आपल्याकडच्या शिंजिरांपेक्षाही लहान असे ते पक्षी कानापाशी भुंग्यासारखे घोंघावायचे. एक पक्षी होता, जमिनीवर राहणारा, शेपूट जवळजवळ नाहीच, अंड्याला पाय फुटल्यासारखा. तो जगात फार थोड्या लोकांना नीट दिसतो असं पुस्तकात लिहिलं आहे. लॉजचा मालक सकाळी डब्यातून गांडुळं घेऊन यायचा, शीळ घालायचा, आणि तो दुर्मीळ पक्षी टुणटुणत येऊन ओंडक्यावर उभा राहायचा. आम्ही समोर बाकावर. माझ्या त्या फोटोखाली मी नंतर लिहिलं: "तीन दिवसांच्या प्रतीक्षेनंतर." तीन दिवस आम्ही तिथे होतो हे खरं आहे.

डॉक्टरला असल्या फोटोत रस नव्हता. तो कॅमेरा आणायचाच नाही. दुर्बीण, एक वही, बस. आणि दर पक्ष्याला मराठी नाव द्यायचा त्याला छंद होता. भल्यामोठ्या चोचीच्या टूकनला तो नाकपुडे म्हणायचा. रात्री जेवताना बायको विचारायची, "भाऊजी, आज काय काय बारसं केलंत?"

मग आम्ही आत, उंच गवताळ पठारावर गेलो. इथून माझी गोष्ट सुरू होते.

ते पठार मला जंगलापेक्षा आवडलं. आभाळ एकदम मोठं. कंबरेएवढं पिवळं गवत, त्यात वाळवीची लाल वारुळं, माणसं उकिडवी बसल्यासारखी. सकाळी स्वेटर लागावा अशी थंडी आणि नऊ वाजता डोकं तापावं असं ऊन. सीरिमा तिथे भरपूर. जोडीने गवतातून चालत येतात, तुरा वर, मान ताठ. डॉक्टरने त्याला पहिल्याच दिवशी हेडमास्तर केलं. पण आम्ही आलो होतो वेगळ्याच पक्ष्यासाठी. पाणकोंबडीच्या कुळात फटाकड्या म्हणून छोटे पक्षी असतात, त्यातली ही एक, बहुधा सगळ्यांत लहान. उंदराएवढी. मातकट अंगावर काळ्या कडेचे पांढरे ठिपके. ती गवताच्या बुडाशी पळते, उडत नाही, बाहेर येत नाही. ऐकू रोज येते, तेल तापल्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज. पाहिलेली माणसं थोडी. आमची गाइड, त्याच भागातल्या शेतकऱ्याची तिशीतली मुलगी, म्हणाली की ती तिच्या पाच-सहा फुटांवर ओरडते आणि तरी आजवर तिला मोजून चारदा दिसली.

गाइडची पद्धत अशी: गवतात विळ्याने वीतभर रुंदीची एक वाट कापायची. वाटेच्या एका बाजूला छोटा स्पीकर ठेवून फटाकडीचाच आवाज लावायचा. आपल्या हद्दीत दुसरी कोण आली, म्हणून खरी फटाकडी तावातावाने येते आणि ती वाट ओलांडते. ओलांडायला तिला दोन सेकंद लागतात. तेवढ्यात पाहायचं.

दोन सकाळी आम्ही तिथे बसलो. तडतड ऐकली, गवत हललं, दिसलं काही नाही. तिसऱ्या सकाळी स्पीकरची बॅटरी संपली. गाइड बॅटरी आणायला जीपकडे गेली. जीप टेकाडामागे होती आणि तिथे बायको पुस्तक वाचत होती. डॉक्टर कापलेल्या वाटेच्या तोंडाशी मांडी घालून बसला होता. मी त्याच्यापासून दहा पावलांवर गुडघ्यावर, कारण समोरून एक सीरिमा येत होता आणि त्याच्या चोचीत सरडा होता. उजेड असा, की गवताचं एकेक पातं वेगळं दिसावं. मी कॅमेऱ्याचं बटण दाबून धरलं.

"साहेब!" डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाला. "साहेब, वाट बघ! वाट!"

"थांब."

"अरे आली! फटाकडी! ही बघ, ही बघ..."

"एक मिनिट थांब ना!"

मी वळलो तेव्हा वाट रिकामी होती. डॉक्टर मांडी मोडून गुडघ्यांवर आला होता आणि लहान मुलासारखा हसत होता. "ठिपके, साहेब. पाठीवर पांढरे ठिपके. डोळा लाल. थांबली, माझ्याकडे बघितलं आणि गेली. तू पाहिलीस ना?"

"नाही."

"अरे, तुझं तोंड इकडेच होतं की!"

"मी सीरिमा बघत होतो."

हे अगदी खरं होतं. या सगळ्या प्रकरणात मी खरं बोललो ते इतकंच. तेवढ्यात गाइड आणि बायको टेकाडावरून पळत आल्या. डॉक्टरला वाटलं फटाकडीची बातमी पोचली. पण त्यांना जीपशेजारून एक मोठा मुंगीखाऊ डुलत जाताना दिसला होता. तो पाहायला लोक आठवडे घालवतात. बायको म्हणाली, "केवढी झुपकेदार शेपूट! मी पुस्तक मिटेपर्यंत थांबला होता बिचारा."

परतताना जीपमध्ये डॉक्टर गाइडला फटाकडीचं वर्णन सांगत होता. ती मन लावून ऐकत होती. मी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर माझे सीरिमा बघत होतो आणि मला थोडा मत्सर वाटत होता. थोडा म्हणजे बराच. त्या सहलीत आमच्या दोघांच्या याद्या बरोबरीत चालल्या होत्या, आणि आता तो पुढे गेला. म्हणून मी म्हणालो, "डॉक्टर, बासष्ट वर्षं झाली तुला. गवताचे ठिपके असतील. सिंगापूरला गेल्यावर मोतीबिंदू दाखवून घे."

बायको म्हणाली, "अहो, काहीतरीच काय?" डॉक्टर हसला. गाइडला मराठी कळत नव्हतं, ती आम्ही हसलो म्हणून हसली.

सिंगापूरला आल्यावर तीन आठवड्यांनी गटाचा स्लाइड शो होता, एका सदस्याच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये. त्याच्या दोन दिवस आधी मी कंप्युटरवर सीरिमाचे फोटो निवडत होतो. एकसारखे चाळीसेक होते. त्यातल्या सर्वांत चांगल्या फोटोत सीरिमाचा डोळा नीट फोकसमध्ये आहे का, म्हणून मी चित्र मोठं केलं. मग पाय. मग गवत. डावीकडे खाली कापलेल्या वाटेचं टोक आलं होतं. आणि वाटेत फटाकडी उभी होती.

जराशी अस्पष्ट, पण संशयाला जागा नाही. मातकट पाठ, पांढरे ठिपके, लाल डोळा. डॉक्टरने सांगितलं होतं तसंच, मान वळवून डॉक्टर बसला होता त्या दिशेला बघणारी. तो तिला बघत होता, ती त्याला बघत होती, आणि मी पलीकडच्या सरड्याचा फोटो काढत होतो.

इथे एक फोन करायचा होता. नंबर पाठ होता. मी उठून चहा केला. चहा पिताना मनात आलं, नियमाप्रमाणे फोटो आपला. म्हणजे फटाकडी आपल्याही यादीत धरता येईल का? नाही, कारण मी पाहिली नाही. मग ती फक्त त्याला मिळणार, आणि तीही माझ्या फोटोमुळे. हे मला अन्यायाचं वाटलं. आज लिहिताना हात थांबतो, पण त्या दुपारी खरंच तसं वाटलं. शिवाय आणखी एक हिशेब होता: चाळीस फोटो घरी आणून तीन आठवडे त्यात काय आहे ते न पाहणारा माणूस हा चुका शोधणाऱ्या विभागाचा प्रमुख होता, असं गटाने म्हटलं असतं. मी फोटोचा कोपरा कापला. कापल्यावर चित्र खरोखर जास्त चांगलं दिसायला लागलं.

स्लाइड शोला सगळे आले होते. सीरिमावर टाळ्या पडल्या. डॉक्टर उठला आणि म्हणाला, "याच जागी मी फटाकडी पाहिली," आणि त्याने ती दोन सेकंदं पाच मिनिटं सांगितली. सांगताना तो उकिडवा बसून पळून दाखवत होता. संपल्यावर एकाने विचारलं, "आणखी कोणी पाहिली?" सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली.

"मी तिथेच होतो," मी म्हणालो. "मला तरी दिसली नाही. आणि चार डोळे किंवा एक लेन्स."

"डॉक्टरसाहेब, दोनच डोळे आहेत तुमचे. त्यातही चष्मा," कोणीतरी म्हणालं. हॉलभर हशा झाला. मीही हसलो. डॉक्टर हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता, रागाने नाही, तर एखादी स्लाइड दुसऱ्यांदा बघावी तसा.

दोन महिन्यांनी त्याने मला क्वीन्सटाउनला त्याच्या घराखालच्या हॉकर सेंटरला कॉफी प्यायला बोलावलं. तिथे त्याने सांगितलं की तो नोकरी सोडतोय. अजून तीन वर्षं त्याला ठेवायला हॉस्पिटल तयार होतं.

"का रे?"

"डोळे तपासले. थोडा मोतीबिंदू आहे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, कामाच्या आड येणार नाही."

"मग?"

त्याने कॉफी ढवळली. "साहेब, ती फटाकडी मला इतकी स्पष्ट दिसली, की पाठीवरचे ठिपके मोजता आले असते. तू दहा पावलांवर होतास, तोंड तिकडेच. तुला दिसली नाही. म्हणजे ती नव्हती. जी नव्हती ती मला इतकी स्पष्ट दिसली असेल, तर उद्या काचेखाली नसलेली पेशी दिसेल. किंवा असलेली दिसणार नाही. खाली सही माझी असते. कोणाचा तरी स्तन काढतील त्या सहीवर."

यावर बोलण्यासारखं एकच वाक्य होतं आणि ते माझ्याजवळ होतं. मी म्हणालो, "बरं केलंस. पुष्कळ झालं काम. आता आपण भरपूर फिरू." आणि आणखी दोन कॉफी मागवल्या.

तो फिरला नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं, दुर्बीण संशोधन करणाऱ्या एका तरुणाला देऊन टाकली, गटातून बाहेर पडला. आमची मैत्री मात्र राहिली. दर रविवारी फोन, सणाला जेवण. तो कधीही त्या विषयावर बोलला नाही. त्याला वाटत होतं, विषय संपला आहे. मला वाटत होतं, सांगायला उशीर झाला आहे. पहिल्या वर्षी उशीर थोडा होता, दुसऱ्या वर्षी जरा जास्त. पुढे पुढे उशीर हेच न सांगण्याचं भक्कम कारण झालं. पूर्ण फोटो मी डिस्कवर जपून ठेवला. पुसला नाही, याचं श्रेय मी स्वतःला अधूनमधून देत असे.

गेल्या महिन्यात मला मोतीबिंदू निघाला. खरा. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. बायको पुण्याला बहिणीकडे गेली होती, आणि घरी न्यायला कोणीतरी मोठं माणूस लागतं. डॉक्टर म्हणाला, "मी आहे की. वहिनींना कशाला पळवतोस?"

तेच नोव्हेनाचं हॉस्पिटल. ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. बाहेर पडताना लिफ्टमध्ये त्याच्या जुन्या लॅबमधली एक चिनी बाई भेटली. तिने त्याचे दोन्ही हात धरले आणि मला सांगू लागली, की काही अवघड केस आली की अजूनही कोणीतरी म्हणतं, डॉक्टर असते तर एका नजरेत सांगितलं असतं. डॉक्टर संकोचला. "नजर नव्हती राहिली," तो म्हणाला. मी डोळ्यावर बसवलेल्या प्लास्टिकच्या झाकणाआडून लिफ्टच्या दाराकडे बघत होतो.

घरी आल्यावर त्याने मला सोफ्यावर आडवं केलं. दर चार तासांनी थेंब घालायचे होते. दुपारी दोनला त्याने हात धुतले, झाकण काढलं, खालची पापणी अलगद ओढली आणि थेंब घातले. "आता मिट. दोन्ही. पाच मिनिटं उघडायचे नाहीत."

मी डोळे मिटले. खाली एलआरटीची छोटी ट्रेन गेल्याचा आवाज आला. तो माझ्या उशाशी खुर्ची ओढून बसला आणि रुमालाने माझ्या गालावर ओघळलेला थेंब टिपला.

"डॉक्टर," मी म्हणालो, "फटाकडी माझ्या फोटोत आहे."

"कुठली फटाकडी?"

"तुझी. ब्राझीलची. सीरिमाच्या फोटोत, डावीकडे खाली. मी कापली."

मिटल्या डोळ्यांनी सांगणं सोपं गेलं म्हणून मी सगळं सांगितलं. स्लाइड शोच्या आधी दोन दिवस, चहा, सगळं. हॉकर सेंटरचंही. मध्ये मला खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि वाटलं, गेला. पण तो म्हणाला, "कुठे आहे?"

"कंप्युटरवर. थांब, मी उठतो."

"पडून राहा. पाच मिनिटं झालेली नाहीत." मग थोड्या वेळाने, "पासवर्ड?"

पासवर्ड सीरिमा होता. तोही सांगावा लागला.

डोळे उघडले तेव्हा तो टेबलाशी बसला होता. माझ्याकडे पाठ. फोटो पडद्यावर होता. तो आधी लांबून, अख्खा बघत राहिला. मग थोडा मोठा केला. मग कोपऱ्यावर गेला आणि आणखी मोठा केला. मी त्याला कधी काम करताना पाहिलं नव्हतं. तो असंच काम करत असणार. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. शेवटी तो त्याच्या रिपोर्टाच्या आवाजात म्हणाला, "नमुना पुरेसा आहे. फोकस वाईट. निदान स्पष्ट आहे."

"डॉक्टर, मी..."

"गप्प बस जरा."

मग पाठ तशीच ठेवून म्हणाला, "तीन वर्षं होती माझी. तीन वर्षं म्हणजे किती स्लाइड, माहीत आहे तुला?"

मला माहीत नव्हतं.

"मला एवढंच कळत नाही," तो म्हणाला. "मोतीबिंदू म्हणालास, ते ठीक. मत्सर, तेही ठीक. स्लाइड शोला हसलास, तेही चालेल. पण मी नोकरी सोडतो म्हणालो तेव्हा तू कॉफी मागवलीस."

"हो."

"दोन."

"हो."

त्याने कंप्युटर बंद केला. मी माफी मागितली. तो म्हणाला, "माफी तुझ्याजवळ ठेव. त्या दिवशी हॉलमध्ये जेवढे लोक होते तेवढ्यांना कळलं पाहिजे. तुझा तो मंडळाचा लेख असतो ना? त्यात लिही. नाव नको."

"का? तुझं नाव तर यायलाच हवं."

"माझं नाव आलं तर लोकांना वाटेल मीच लिहायला लावलं."

"तूच लावतोयस की."

"म्हणून तर नको." त्याला हसू येणार होतं, पण त्याने येऊ दिलं नाही.

मला वाटलं, आता जाईल. पण पुढचे थेंब सहाला होते. चार तास तो त्याच खोलीत बसला. टीव्ही लावला नाही. माझ्यासाठी वरणभात केला, मीठ घातलं की नाही ते विचारलं नाही. घातलं नव्हतं. सहा वाजता हात धुतले, पापणी ओढली, थेंब घातले, दुपारच्याच अलगद हाताने. मग म्हणाला, "दहाचे थेंब तुझे तू घाल. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी वहिनींना थांबवून घे. मी येणार नाही." दार त्याने हळू ओढून घेतलं.

बायको परत आल्यावर तिला सांगितलं. ती बराच वेळ भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिली. "आठ वर्षं मी त्याची धूळ पुसतेय," एवढंच म्हणाली. त्यानंतर पुसलेली नाही.

पूर्ण फोटो मी गटाला पाठवला आणि खाली तीन ओळींत जे झालं ते लिहिलं. पाच अंगठे आले. नव्या सदस्याने विचारलं, "छान काका! सिंगापूरमध्ये कुठे दिसला?" जुन्यांपैकी एकाने शंका काढली, की फोटो महिन्याभरात दाखवायचा नियम आहे, हा आठ वर्षांनी आला, तेव्हा हा धरायचा का? यावर दिवसभर चर्चा झाली. शेवटी निर्णय नियम लिहिणाऱ्यावर सोपवला गेला. मी लिहिलं की नियम चुकीचा होता. त्यावर दोन अंगठे आले.

गेल्या रविवारी फोन वाजला. मधले तीन रविवार वाजला नव्हता.

"फोटोची वेळ काय आहे?" डॉक्टरने विचारलं. नमस्कार नाही, साहेब नाही.

मी कंप्युटर उघडला. "पाच बेचाळीस. संध्याकाळचे. कॅमेऱ्याचं घड्याळ मी सिंगापूरवरच ठेवलं होतं. अकरा तास वजा कर."

"सकाळी सहा बेचाळीस."

"हो."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "माझ्या वहीत सहा चाळीस आहे. मी खोडलं होतं, पण वाचता येतं."

"म्हणजे दोन मिनिटांचा फरक..."

"माझं घड्याळ दोन मिनिटं मागे असेल," तो म्हणाला. "नाहीतर तुझं पुढे." मग कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मी फोन कानाला धरून उभा होतो. बायको दारात येऊन उभी राहिली.

"लिहिलं," तो म्हणाला. "तू लिहिलंस का?"

"चालू आहे."

"कॉफीचं लिहिलंस?"

"लिहिलं."

"दोन?"

"दोन."

"बरं," असं म्हणून त्याने फोन ठेवला.